केमो चालू असताना योग करताय? या चुका टाळा

‘प्राणायामानं पांढऱ्या पेशी वाढतात.’ टिळकवाडीपासून निपाणीपर्यंत हे ऐकून कान किटले. कॅन्सरच्या केमोनं पडलेला काऊंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचा आकडा, श्वासानं वर येत नाही. अस्थिमज्जा (हाडातला रक्तपेशी बनवणारा मगज) सावरली की तो येतो, गरज पडली तर डॉक्टर त्यासाठी इंजेक्शन देतात. योगानं झोप सुधारते, धास्ती कमी होते, थकवा हलका होतो. तेवढ्यासाठी जरूर करा.

जांबोटीकडच्या एक काकू. केमोचा डोस होऊन दहावा दिवस, बाहेर धो धो पाऊस. ‘इम्युनिटी वाढेल’ असं शेजारणीनं सांगितलं म्हणून कपालभातीच्या सामुदायिक वर्गाला गेल्या. खिडक्या बंद, निम्मा वर्ग खोकत होता. दोन दिवसांनी रात्री ताप 101. घरच्यांनी तापाची गोळी दिली, ‘सकाळी बघू’ म्हणाले. सकाळी काकूंना उभं राहवेना. बेळगावात आणल्यावर न्यूट्रोफिल, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, 500 च्याही खाली निघाले. दवाखान्यात राहावं लागलं, पुढचा डोस लांबला. संसर्ग वर्गातूनच लागला असं छातीठोक कुणी सांगणार नाही, पण त्या दिवसांत तिथं जायचं कारणच नव्हतं.

बहुतेक केमोत डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात काऊंट तळाला असतो. तेव्हा घरीच, खुर्चीत बसून जमेल तेवढं करा. ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला की रात्रीचे दोन वाजलेले असले तरी दवाखाना गाठायचा, गोळीनं ताप दडवायचा नाही. कणकुंबी-जांबोटी भागात पावसात रात्री वाहन मिळणं मुश्कील, म्हणून कुणाची गाडी न्यायची ते डोसच्या दिवशीच ठरवून ठेवा. माझ्याकडे योग शिकायला येणाऱ्यांना मी एक वही करायला लावते: तारीख, न्यूट्रोफिल, प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी), हिमोग्लोबिन. ताजा रिपोर्ट बघितल्याशिवाय आसन नाही.

दुसरी चूक घाईची. आठ दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून सोडून देणारे पुष्कळ. 2014 साली अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरचे उपचार पूर्ण झालेल्या 200 स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बारा आठवडे, आठवड्यातून दोनदा, दीड-दीड तास योग. वर्ग संपले तेव्हा थकव्यात म्हणावा असा फरक नव्हता. तो दिसला आणखी तीन महिन्यांनी, आणि रक्तातले दाह (शरीरातली आतली सूज) दाखवणारे घटकही योग न केलेल्यांपेक्षा कमी निघाले. घरी जास्त सराव करणाऱ्यांना फायदा जास्त. पण दाह कमी होणं म्हणजे कॅन्सर बरा होणं नव्हे, आणि केमो चालू असलेल्यांवरचा हा अभ्यासही नव्हे.

बाकीच्या चुका थोडक्यात. कॅन्सर मणक्यात उतरला असेल तर पुढे वाकणं, पीळ देणं बंद, हाड मोडू शकतं. प्लेटलेट 50,000 च्या खाली असतील तर जोर लावायचा नाही, तोलाची आसनंही नकोत. पोटाच्या ऑपरेशननंतर सर्जन हो म्हणेपर्यंत कपालभाती नको. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनात काखेतल्या लसीका गाठी काढल्यात म्हणून हात कायमचा जखडून ठेवणंही चूकच. विचारून हळूहळू उचला, सूज दिसली की दाखवा. आणि डोस पुढे ढकलून ‘आधी योगानं बघतो’ म्हणणाऱ्याला मी शिकवायला घेत नाही, त्याला आधी ओपीडीत पाठवते.