आयेल्ट्सचं क्यू कार्ड: दोन मिनिटं बोलायला काय काय हाताशी हवं

बडोद्यात अलकापुरीत जा नाहीतर फतेगंजला, आयेल्ट्सच्या (परदेशी जाणारे देतात ती इंग्रजीची परीक्षा) क्लासचा बोर्ड दिसल्याशिवाय राहत नाही, आणि दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या आपल्या मराठी घरांतूनही कोणी ना कोणी ही परीक्षा देतच असतं. रीडिंग-रायटिंगची पुस्तकं सगळ्यांकडे असतात, पण खरी तंतरते ती स्पीकिंगच्या दुसऱ्या पार्टला, एक कार्ड हातात देतात (तेच क्यू कार्ड), कागद-पेन्सिल देतात आणि म्हणतात एक मिनिट विचार करा मग बोला. म्हणून ही यादी, जमेल तशी लिहिलीये, क्लासच्या नोट्ससारखी नीटनेटकी नाही.

आधी हिशोब समजून घ्या. अख्खी स्पीकिंग 11 ते 14 मिनिटांची, त्यात कार्डाच्या पार्टला तयारी धरून 3-4 मिनिटं. तयारीला 1 मिनिट, बोलायला 1 ते 2 मिनिटं, दोन झाली की एक्झामिनर स्वतःच थांबवतो, वाक्य अर्धं असलं तरी, आणि त्याने थांबवलं म्हणजे काही चुकलं असं नाही उलट वेळ भरून निघाला. मार्क चार गोष्टींवर, चारींना सारखं वजन: न अडखळता आणि सुसंगत बोलणं, शब्द, व्याकरण, उच्चार. माहितीला मार्क नाहीत. हे आपल्या लोकांना पटतच नाही कारण शाळेपासून सवय, उत्तरात सनावळी घातली की बाई खूश.

आता साठा. कार्डं शेकड्याने फिरतात, मोबाईलवर पीडीएफ येतात, सगळी पाठ करायला बसू नका. पाठ केलेलं एक्झामिनरला लगेच कळतं (आवाजच बदलतो माणसाचा, आरती म्हटल्यासारखा होतो) आणि मग ते मार्क वाढायच्या ऐवजी घटतात. त्यापेक्षा आपल्या आयुष्यातलं थोडंसंच सामान निवडा, एक माणूस, एक-दोन जागा, एक वस्तू, एक प्रसंग, एक शिकलेलं काम, पण असं निवडा की ते चार कार्डांना चालेल. उदाहरणार्थ कमाटीबाग, म्हणजेच सयाजीबाग. पार्क विचारलं तर चालते, नदीकाठची जागा विचारली तर विश्वामित्री तिथूनच जाते, लहानपणीची आठवण विचारली तरी चालते, म्युझियम विचारलं तर तेही आतच आहे. गणपतीचं मंडळ घ्या, सण, गर्दी, चार लोकांनी मिळून केलेलं काम, दमलेला दिवस, सगळं त्यात बसतं. नवरात्रीचं तर विचारूच नका, पण गरब्यावर बडोद्यातले सगळेच बोलतात, तुमचं त्यात काही वेगळं असेल तरच घ्या.

वस्तू निवडताना मोबाईल-लॅपटॉप नको, त्यावर तिसऱ्या वाक्यात माणूस संपतो. आजीचा पितळी डबा, मामाने दिलेली सायकल, असलं काहीतरी ज्याला घासल्याच्या खुणा आहेत. आणि हो, खरं सांगतोय का हे कोणी तपासत नाही, मामाने न दिलेली सायकलही दोन मिनिटं चालवता येते, फक्त खोटं बोलताना माणूस भूतकाळ-वर्तमानकाळात घोळ घालतो म्हणून शक्यतो खरंच बरं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वेळेची वाटणी. कार्डावर विषय असतो, खाली तीन मुद्दे, आणि शेवटी एक ओळ, एक्स्प्लेन म्हणून, का आवडलं, कसं वाटलं वगैरे. बहुतेक जण काय करतात, पहिल्या मुद्द्यावर जीव तोडून बोलतात, कुठे आहे, कोणी बांधलं, किती एकर, आणि शेवटच्या ओळीला येईपर्यंत श्वास संपलेला असतो, मग बिकॉज इट इज व्हेरी नाइस अँड पीसफुल म्हणून गप्प. उलटं करा. कुठे-कधी-कोणाबरोबर हे वीस-तीस सेकंदांत उरका, त्यात बोलण्यासारखं काही नसतंच. मधला मुद्दा, काय केलं काय पाहिलं, त्याला साधारण अर्धं मिनिट, आणि निम्मा वेळ त्या शेवटच्या ओळीसाठी राखून ठेवा, कारण भावना, तुलना, आधी असं होतं आता तसं आहे, असतं तर झालं असतं, ही सगळी मोठी वाक्यं तिथेच येतात आणि व्याकरणाचे मार्क त्यातूनच निघतात.

समजा कार्ड आलं, तुम्ही पाहिलेल्या म्युझियमबद्दल सांगा. आपण सुरू करणार, सयाजीबाग वॉज बिल्ट इन 1879 बाय महाराजा सयाजीराव गायकवाड. बरोबर आहे, पण इंग्लिशमध्ये एटीन सेव्हंटी नाइन म्हणता म्हणता जीभ अडकते आणि मार्क शून्य. त्यापेक्षा एका ओळीत म्हणा की घराजवळच्या बागेत आहे, लहान भावाला घेऊन गेलो होतो, आणि सरळ देवमाशाच्या सांगाड्यापाशी जा. आपल्या बडोदा म्युझियममध्ये ब्लू व्हेलचा अख्खा सांगाडा आहे, ज्याने पाहिलाय त्याला माहितीये. तिथे थांबा. भाऊ त्याच्या बरगड्यांखाली मान वर करून उभा राहिला आणि विचारलं हा दारातून आत कसा आला, मला उत्तर येईना, शेजारचे एक काका हसले, मग आम्ही दोघं दाराची रुंदी बघायला परत गेलो. एवढ्यानेच चाळीस सेकंद आरामात जातात, आणि शब्द आपोआप येतात, रिब्स, एनॉर्मस, पझल्ड, बर्स्ट आउट लाफिंग. मग का आवडलं, तर शाळेच्या ट्रिपला आलो तेव्हा बाईंच्या मागे रांगेत फिरलो होतो, काही दिसलंच नव्हतं, या वेळी त्याच्यामुळे बघितलं. झालं, आधीचं आणि आताचं दोन्ही आलं.

तयारीच्या त्या एका मिनिटात वाक्य लिहायचं नाही, एकसुद्धा नाही. कागदावर पाच-सहा शब्द, एकाखाली एक, ज्या क्रमाने बोलायचंय त्या क्रमाने: बाग, भाऊ, बरगड्या, दार, काका, शाळेची ट्रिप. मराठीत लिहा, गुजरातीत लिहा, चित्र काढा, कागद तपासला जात नाही आणि घरीही नेता येत नाही. शेवटच्या शब्दाखाली रेघ मारा, तिथे जायचंच आहे म्हणून. कार्डही समोरच असतं, पाठ करत बसू नका. कार्ड बदलून मागायचं नाही, मिळत नाही, मिनिट मात्र त्यात जातं.

भाषेचं थोडं. मराठीत विचार करून बोललं की काही चुका ठरलेल्या, त्या आधीच पकडा. आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स, आय ॲम नॉट नोइंग, माय मदर शी इज अ टीचर, वी वेंट देअर ओन्ली, असली वाक्यं. ‘ए’ आणि ‘द’ गाळणं. जुनी सवय सांगताना प्रत्येक वेळी आय वॉज गोइंग, तिथे यूज्ड टू हवं. व्ही आणि डब्ल्यू दोन्ही ‘व’ होतात ते वेगळे करा. आणि गुजराती मित्रांत वाढलेल्यांचं हॉलचं होल, स्नॅक्सचं स्नेक्स होतं, घरी हसायला ठीक आहे, पण परीक्षेत साप खाल्ले म्हणून सांगाल. बाकी ॲक्सेंट भारतीय असला म्हणून मार्क जात नाहीत, ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे एवढंच, तेव्हा उगाच अमेरिकन होऊ नका.

अडकलात तर बेझिकली ॲक्च्युअली यू नो ही माळ ओढू नका. वाक्य चुकलं तर एकदा सुधारा आणि पुढे जा, तीनदा सुधारलं की ओघ तुटतो. मुद्देच संपले तर दोन शब्द कायम राखीव ठेवा, तुलना आणि पुढे, म्हणजे आधीपेक्षा आता काय वेगळं आणि परत संधी मिळाली तर काय करेन, यावर बहुतेक वेळा वीस सेकंद मिळतात.

प्रॅक्टिस मोबाईलच्या रेकॉर्डरवर, टायमर लावून, उभं राहून नाही, बसून, कारण परीक्षेत बसूनच बोलायचंय. स्वतःचा आवाज ऐकवत नाही हे मान्य, तरी ऐका, आणि एका वेळी एकच गोष्ट शोधा, आज फक्त काळ, उद्या फक्त ‘अँड देन अँड देन’ किती वेळा आलं ते. घरात कोणाला समोर बसवलंत तर त्यांना आधीच सांगून ठेवा, मध्ये हं, हो का, मग काय झालं असं म्हणायचं नाही, कारण एक्झामिनर दोन मिनिटं गप्प बसतो आणि त्या गप्पपणाची सवय नसेल तर माणूस चरकतो. आईला हे जमत नाही, ती दहाव्या सेकंदाला म्हणणार अरे ते दांडिया बाजारातलं सांग ना.

परीक्षेला जाताना पासपोर्ट, जो बुकिंगला दिलात तोच. बोलणं झाल्यावर एक्झामिनर त्याच विषयावर एखाद-दोन छोटे प्रश्न विचारू शकतो, तिथे परत भाषण सुरू करू नका, एक-दोन वाक्यं बास. लगेच तिसरा पार्ट येतो, तोही कार्डाच्याच विषयाला धरून, पण तिथे तुमचा भाऊ आणि देवमासा नको असतो, लोक म्युझियमला का जात नाहीत, तिकीट फुकट असावं का, असलं जनरल विचारतात, तेव्हा घरी प्रत्येक कार्डामागे असे दोन प्रश्न स्वतःच काढून त्यावरही बोलून बघा.