टॅब आवरणारी एक्स्टेन्शन्सच ब्राउझर जड करतात तेव्हा

मी अनुवादाचं काम करते. एका परिच्छेदासाठी दोन-तीन शब्दकोश, मूळ मजकुराची पीडीएफ, संपादकांबरोबरचा सामायिक दस्तऐवज, मेल आणि संदर्भाची चार पानं एकाच वेळी उघडी लागतात. आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर हे सगळं चालवायचं तर टॅब आवरणारं एखादं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, हवंच, असं कुणालाही वाटेल. माझ्या ओळखीच्या अनुवादकांकडे तर अशी दोन-तीन असतात. एक टॅब झोपवणारं (म्हणजे न वापरलेला टॅब मेमरीतून तात्पुरता उतरवणारं), एक बाजूच्या पट्टीत टॅबांची यादी दाखवणारं, एक सेशन, म्हणजे उघड्या टॅबांचा संच, जपून ठेवणारं. आणि त्यांचीच तक्रार असते की टॅब बदलताना ब्राउझर अडकतो, टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटतं, पंखा थांबत नाही.

दोष खरंच एक्स्टेन्शनचा आहे का आणि असला तर नेमका कुठल्या, हे तासाभरात घरच्या घरी शोधता येतं. खालची पद्धत क्रोमवर बेतलेली आहे. एज आणि ब्रेव्ह हे ब्राउझर आतून क्रोमियमचेच, म्हणजे क्रोमच्याच पायावर उभे, असल्यामुळे तिथेही ती जवळपास तशीच चालते. फायरफॉक्समध्ये जे वेगळं आहे ते त्या त्या ठिकाणी सांगते.

टास्क मॅनेजर काय दाखवतो आणि काय लपवतो

क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर असतो. विंडोजवर शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. मॅकवर तो वरच्या विंडो मेनूत सापडेल. त्यात प्रत्येक टॅब आणि प्रत्येक चालू एक्स्टेन्शन यांच्यासमोर ‘मेमरी फूटप्रिंट’ आणि ‘सीपीयू’ असे आकडे दिसतात. मेमरीच्या शीर्षकावर क्लिक करून मोठ्यापासून लहानापर्यंत क्रम लावा. आता कशालाही हात न लावता थोडा वेळ फक्त सीपीयूच्या रकान्याकडे पाहा. तुम्ही काहीच करत नसताना टॅब आवरणाऱ्या एक्स्टेन्शनला काही काम नसायला हवं. त्याचा आकडा सारखा शून्यावरून वर उडी घेत असेल, तर पहिला संशयित सापडला.

पण मेमरीच्या बाबतीत इथेच बहुतेकांची दिशाभूल होते. यादीत एक्स्टेन्शनच्या नावापुढे पन्नास-साठ एमबी दिसले की माणूस म्हणतो, हे तर काहीच नाही, टॅबच खातायत सगळं. प्रत्यक्षात त्या ओळीत एक्स्टेन्शनचा फक्त मागे चालणारा भाग मोजलेला असतो. पुष्कळ एक्स्टेन्शन्स आपल्या कोडचा एक तुकडा उघडलेल्या प्रत्येक पानात सोडतात. पान किती वेळ पडून आहे, फॉर्ममध्ये काही लिहिलंय का, गाणं वाजतंय का, हे तो तुकडा आत बसून पाहत असतो. प्रत्येक खोलीत एकेक पहारेकरी बसवावा तसं. या तुकड्याला तांत्रिक भाषेत कन्टेन्ट स्क्रिप्ट म्हणतात, आणि त्याची मेमरी त्या त्या टॅबच्या खात्यावर पडते, एक्स्टेन्शनच्या नाही. चाळीस टॅब उघडे असतील तर चाळीस प्रती. एकेका प्रतीचा भार थोडा असतो, पण बेरीज कुठल्याच एका ओळीत दिसत नाही.

फायरफॉक्समध्ये अ‍ॅड्रेस बारमध्ये इंग्रजीत ‘अबाउट:प्रोसेसेस’ टाकलं की अशीच यादी मिळते. तिथे सगळी एक्स्टेन्शन्स एकाच प्रोसेसमध्ये चालतात, त्यामुळे त्यांचा आकडा एकत्रच येतो. कोण किती खातंय हे पाहायचं तर ‘अबाउट:मेमरी’ उघडावं लागतं, आणि ते पान वाचायला बराच संयम लागतो. म्हणून दोन्ही ब्राउझरांत मला एकच पद्धत भरवशाची वाटते: एक्स्टेन्शनसकट आणि एक्स्टेन्शनशिवाय, असं दोनदा एकूण मोजायचं.

फरक मोजायचा कसा

नेहमी लागणारी दहा-पंधरा पानं एका बुकमार्क फोल्डरमध्ये ठेवा. दर वेळी तीच पानं उघडायची आहेत, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘परफॉर्मन्स’ या भागात मेमरी सेव्हर चालू असेल तर चाचणीपुरता बंद करा, कारण तो मधेच टॅब रिकामे करून आकडे बिघडवतो. टॅब झोपवणारं एक्स्टेन्शन तपासत असाल तर त्याची वेळही लांबवून ठेवा, म्हणजे त्याचा स्वतःचा भार कळेल.

ब्राउझर पूर्ण बंद करा आणि नव्याने सुरू करा. फोल्डरमधली सगळी पानं उघडा आणि प्रत्येक टॅबवर एकदा जाऊन या, म्हणजे सगळी खरोखर लोड झालेली असतील. मग पाचेक मिनिटं थांबा, कारण लोड होताना आकडे फुगलेले असतात. आता ब्राउझरचा नव्हे, संगणकाचा टास्क मॅनेजर उघडा (मॅकवर अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर) आणि ब्राउझरची एकूण मेमरी लिहून ठेवा. मग एक एक्स्टेन्शन बंद करा, ब्राउझर पुन्हा सुरू करा आणि हेच सगळं परत करा. एका वेळी एकच. तिन्ही एकदम बंद केली तर फरक पडेल, पण कुणामुळे ते कळणार नाही.

दोन वेळच्या आकड्यांत थोडा फरक असाच पडतो. जाहिराती बदलतात, मेलमध्ये नवं काही येतं. म्हणून मोजणी किमान दोनदा करावी आणि किरकोळ फरकाकडे दुर्लक्ष करावं. काहीशे एमबी दर वेळी कमी होत असतील, तर प्रश्न मिटला.

एवढा वेळ नसेल तर इन्कॉग्निटो विंडो उघडून तीच पानं चालवून पाहा. तिथे तुम्ही मुद्दाम परवानगी दिली नसेल तर एक्स्टेन्शन्स चालत नाहीत. मात्र तिथे लॉगिनही नसतं, त्यामुळे यातून फक्त अंदाज येतो. फायरफॉक्समध्ये मदतीच्या मेनूतला ट्रबलशूट मोड हेच काम अधिक नीट करतो.

कुठल्या सवयी महागात पडतात

एक्स्टेन्शन कसं बांधायचं याचे नियम ‘मॅनिफेस्ट’च्या आवृत्तीनुसार ठरतात. पूर्वीच्या मॅनिफेस्ट व्ही२ पद्धतीत एक्स्टेन्शनला मागे एक पान कायम उघडं ठेवता यायचं. क्रोमच्या नव्या व्ही३ पद्धतीत ते गेलं. आता मागचा भाग सर्व्हिस वर्कर म्हणून चालतो आणि साधारण ३० सेकंद काही काम नसलं की मिटतो. ऐकायला छान आहे, पण टॅब आवरणाऱ्या एक्स्टेन्शनला प्रत्येक टॅबमधला बदल कळवला जातो, आणि पानाचं शीर्षक बदलणं हाही बदलच असतो. मेलच्या टॅबवर न वाचलेल्या पत्रांचा आकडा बदलला, चॅटच्या टॅबचं शीर्षक लुकलुकलं, की झोपलेला वर्कर पुन्हा उठतो. एक्स्टेन्शन्सच्या पानावर डेव्हलपर मोड चालू केला की वर्करच्या नावापुढे तो निष्क्रिय आहे की नाही ते दिसतं. त्या नावावर क्लिक मात्र करू नका. क्लिक केलं की तपासणीची खिडकी उघडते आणि ती उघडी असेपर्यंत वर्कर जागाच राहतो.

सेशन जपणारी एक्स्टेन्शन्स जुनी होत जातात तशी जड होतात, याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. वर्षानुवर्षं साठवलेले हजारो दुवे, प्रत्येकाचं चिन्ह, काहींत तर पानाचं छोटं चित्रसुद्धा. काही एक्स्टेन्शन्स एक टॅब बदलला तरी सगळी यादी नव्याने डिस्कवर लिहितात. शिवाय ती यादी दाखवणारं पान हाही एक टॅबच असतो, आणि पुष्कळजण तो पिन करून ठेवतात. अशा वेळी एक्स्टेन्शन काढायची गरज नसते. जुनी सेशन्स फाइलमध्ये निर्यात करून यादीतून पुसली की तेच एक्स्टेन्शन हलकं होतं. माझ्या मते हा सगळ्यांत कमी कष्टाचा उपाय आहे आणि तो सगळ्यांत आधी करावा.

टॅब झोपवणारी दोन एक्स्टेन्शन्स, किंवा तसं एक एक्स्टेन्शन आणि ब्राउझरचा मेमरी सेव्हर, हे एकत्र ठेवू नका. ती एकमेकांचं काम उलटवतात. पान झोपतं, जागं होतं, पुन्हा लोड होतं, आणि वाचवलेल्या मेमरीपेक्षा लोड करण्याचा खर्च जास्त होतो.

एक्स्टेन्शनच्या तपशिलात ‘साइट अ‍ॅक्सेस’ असा भाग असतो. तिथे ‘सगळ्या साइट्सवर’ ऐवजी ‘क्लिक केल्यावर’ निवडून पाहा. फक्त टॅबांची यादी दाखवण्यासाठी पानांच्या आत शिरायची गरज नसते, शीर्षक आणि पत्ता कळला की पुरतं. असं केल्यावरही एक्स्टेन्शन नीट चाललं तर प्रत्येक पानातला तो तुकडा विनाकारण होता हे सिद्धच झालं.

काढण्याआधी टॅब वाचवा

इथे घाई करू नका अशी माझी कळकळीची विनंती आहे. काही एक्स्टेन्शन्स टॅब झोपवताना मूळ पान काढून त्या जागी स्वतःचं पान ठेवतात. एक्स्टेन्शन बंद केलं की ती पानं, म्हणजे तुमचे सगळे झोपलेले टॅब, एका क्षणात मिटतात. २० लाखांहून अधिक लोक वापरत असलेल्या ‘द ग्रेट सस्पेंडर’च्या बाबतीत हेच घडलं. २०२० मध्ये ते मूळ निर्मात्याकडून दुसऱ्याच्या हाती गेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते घातक ठरवून बंद केलं. लोकांचे टॅब गेले. पुष्कळांनी मग ब्राउझरच्या इतिहासात त्या एक्स्टेन्शनचे पत्ते शोधून त्यांच्या शेवटी दडलेले मूळ दुवे परत मिळवले.

म्हणून आधी सगळे टॅब जागे करा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि डी एकदम दाबून उघडे सगळे टॅब एका फोल्डरमध्ये बुकमार्क करा. एक्स्टेन्शनमध्ये निर्यातीची सोय असेल तर तीही वापरा. त्यानंतर एक्स्टेन्शन काढून टाकू नका, नुसतं बंद करा. बंद केल्यावर त्याचा साठा राहतो, काढल्यावर तो पुसला जातो. आठवडाभर काही अडलं नाही तर मग खुशाल काढा.

त्या आठवड्यात ब्राउझरच्या स्वतःच्या सोयी वापरून पाहा. क्रोममध्ये मेमरी सेव्हर २०२२ च्या अखेरीपासून आहे. तो आवाज चालू असलेल्या टॅबला हात लावत नाही, आणि कधीही न झोपवायच्या साइट्सची यादी त्याला देता येते. माझ्या यादीत शब्दकोश आणि सामायिक दस्तऐवज आहेत, कारण वाक्याच्या मध्यात शब्दकोश पुन्हा लोड होत बसला की विचार तुटतो. टॅब शोधायला कंट्रोल, शिफ्ट आणि ए दाबा, आणि कामाप्रमाणे टॅबांचे गट करा. एजमध्ये स्लीपिंग टॅब्ज आहेत आणि उभी पट्टीही आहे. फायरफॉक्स विंडोजवर मेमरी कमी पडली की टॅब स्वतः मेमरीतून उतरवतो. त्याच्या नव्या आवृत्त्यांत टॅबवर उजवी क्लिक करून तो हाताने उतरवताही येतो, शिवाय उभे टॅब आणि गटही आहेत.

एका गोष्टीची उणीव मात्र राहील. टॅबांखाली टॅब अशी शाखा-शाखांची रचना ज्यांच्या हाताला बसली आहे, त्यांना या गटांनी समाधान मिळणार नाही. त्यांनी ते एकच एक्स्टेन्शन ठेवावं आणि बाकीची काढावीत. मेमरी सेव्हर चाचणीसाठी बंद केला होता, तो परत चालू करायला विसरू नका.