पिरिअसला नुसती बोट पकडायला जाऊ नका, अर्धा दिवस काढा

अथेन्सला गेलेले बहुतेक लोक पिरिअस बंदरावर उतरतात, बेटांची बोट पकडतात आणि निघून जातात, याचं मला फार वाईट वाटतं. बोट दुपारची असेल तर सकाळीच या, जड बॅगा मात्र हॉटेलवर ठेवून या.

मेट्रोच्या लाइन ३ ने शेवटच्या दिमोटिको थिएट्रो स्टेशनला उतरा, तिथून पिरिअसचं पुरातत्त्व म्युझियम चालत जाण्यासारखं आहे. सुट्टीचा वार आणि वेळ आदल्या दिवशी चेक करा.

आत गेलात की आधी ब्रॉन्झचे पुतळे गाठा, पाय दुखायच्या आत. १९५९ मध्ये बंदराजवळच्या रस्त्यात ड्रेनेजसाठी खोदताना हे पुतळे एकत्र सापडले. अपोलो देवाचा पुतळा इ.स.पू. ५३०-५२० च्या सुमारासचा, आतून पोकळ ओतलेला, इतका जुना माणसाएवढा ग्रीक ब्रॉन्झ पुतळा आज दुसरा नाही. त्याचा पाय बघा, अशा जुन्या ग्रीक पुतळ्यांचा डावा पाय पुढे असतो, याचा उजवा आहे. शेजारच्या अथेना देवीच्या शिरस्त्राणावर घुबडं आहेत, ती बाजूने जाऊन शोधा, समोरून नीट दिसत नाहीत.

मग सलामिस बेटावरून आलेला मोजमापाचा दगड अजिबात सोडू नका. त्यावर हात, वीत, पाऊल कोरलंय, म्हणजे आपली आजी वितीने मोजायची तसंच की! मी तर माझी वीत लांबूनच धरून बघितली (हात लावायचा नाही हं). ट्रायरीम या युद्धनौकांच्या नाकाडावर बसवायचे संगमरवरी डोळेही इथे आहेत, ते बघून ठेवा कारण पुढे बंदरावर गेल्यावर त्या बोटी डोळ्यासमोर उभ्या राहतात. अथेन्सच्या कालिथेआ उपनगरात सापडलेलं थडगं एवढं मोठं आहे की ते आपोआप दिसेलच.

म्युझियमला लागूनच झेआचं (हे पिरिअसचंच एक छोटं बंदर) हेलेनिस्टिक, म्हणजे अलेक्झांडरनंतरच्या काळातलं थिएटर आहे. पायऱ्या फार उरलेल्या नाहीत, पण मधली गोल जागा आणि तिच्या कडेने पाणी जायचा दगडी पाट नीट ओळखू येतो.

शेवटी झेआ बंदराकडे उतरा आणि समुद्र डावीकडे ठेवून आक्ती थेमिस्टोक्लेऊस या किनाऱ्याच्या रस्त्याने चालत राहा. स्पार्टाने इ.स.पू. ४०४ मध्ये पाडायला लावलेली पिरिअसची तटबंदी अथेन्सचा सेनानी कोनोन याने दहाएक वर्षांनी परत उभी केली, तिचे चौकोनी दगड पाण्याच्या अगदी कडेला आहेत. इथे सावली कमी, त्यामुळे टोपी आणि पाणी हवंच.