स्तनाचा कॅन्सर भलत्याच जागी परततो तेव्हा: निदानात या चुका टाळा

जठराच्या बायोप्सीचे चार तुकडे, तांदळाच्या कणीएवढे. सोबतच्या फॉर्मवर एवढंच: "वय 61, भूक नाही, वजन घटलं." स्लाइडमध्ये पेशी एकेकट्या विखुरलेल्या, काही अंगठीसारख्या, केंद्रक एका कडेला सरकलेलं. जठराचाच कॅन्सर, असा रिपोर्ट मी जवळजवळ लिहूनही टाकला होता. सही करण्याआधी मुलाला फोन केला. "आईंचं आधी काही ऑपरेशन?" "हो, छातीचं. पण त्याला 14 वर्षं झाली, ती बरी झालीये." ईआर (इस्ट्रोजेन हार्मोन पकडणारं प्रथिन) आणि गाटा-3 हे पेशींचं मूळ ओळखायला मदत करणारे मार्कर लावले, दोन्ही पॉझिटिव्ह आले. आजार स्तनाचाच होता. जठर काढायचं चाललं होतं, ते थांबलं आणि हार्मोनच्या गोळ्या सुरू झाल्या.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते: जुना आजार सांगायचा राहतो. घरात तो शब्द पुन्हा नको, ही माया मला कळते. पण हार्मोन पॉझिटिव्ह कॅन्सर 10, 15, कधी 20 वर्षांनीही डोकं वर काढतो. डॉक्टरांनीही फॉर्मवर ती एक ओळ लिहायलाच हवी. ती नसेल तर पॅथॉलॉजिस्टला नेमके मार्कर सुचणार कसे?

दुसरी चूक म्हणजे हाडं, फुफ्फुस, यकृत आणि मेंदू एवढंच बघून थांबणं. स्तनाच्या कॅन्सरच्या लोब्युलर नावाच्या प्रकारात पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं ई-कॅडहेरिन हे प्रथिन बहुतेक वेळा नसतं. त्या सुट्या होऊन ओळीने पसरतात, गाठ न करता जठर, आतडी, पोटाचं अस्तर, अंडाशय, डोळ्याची खोबण असं कुठेही शिरतात. दोन घासांत पोट भरतं. एक डोळा आत ओढल्यासारखा दिसतो. हनुवटी बधीर होते आणि कवळीला दोष दिला जातो. साखर नॉर्मल असूनही सारखी तहान आणि लघवी लागत असेल, तर पिट्युटरी ग्रंथीकडेही बघावं लागतं.

दुर्बिणीच्या तपासणीत "सूज आहे" एवढंच आलं, म्हणून निर्धास्त होऊ नका. हा आजार अनेकदा अस्तराच्या खाली असतो आणि वरवरच्या तुकड्यात सापडत नाही. संशय असेल तर खोल आणि जास्त तुकडे घ्यायला हवेत. पेट स्कॅन साखर जास्त ओढणाऱ्या पेशी दाखवतो. तो स्वच्छ आला तरी लोब्युलर आजार नाहीच, असं म्हणता येत नाही; या आजाराच्या पेशी साखर कमी ओढतात.

आपल्याकडे आणखी एक सापळा आहे, टीबीचा. मणक्यात डाग दिसला की अंदाजाने टीबीच्या गोळ्या सुरू होतात आणि महिने निघून जातात. स्तनाच्या कॅन्सरचा इतिहास असेल तर शक्य तिथे आधी तुकडा काढा. तोच सीबीनॅट या टीबीच्या जनुकीय तपासणीलाही पाठवता येतो. उलटही खरं: नवी गाठ दरवेळी जुन्याच आजाराची नसते. बीआरसीए या जनुकात दोष असलेल्या (म्हणजे स्तन आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका जास्त असलेल्या) बाईच्या अंडाशयातली गाठ तिथलीच, नवी असू शकते. पॅक्स-8 हा मार्कर तिथे मदतीला येतो.

नव्या तुकड्यावर ईआर, पीआर (प्रोजेस्टेरॉन पकडणारं प्रथिन) आणि हर-2 (पेशींची वाढ वाढवणारं प्रथिन) या उपचार ठरवणाऱ्या तपासण्या पुन्हा करा, जुना रिपोर्ट गृहीत धरू नका. ते बदललेले असू शकतात. हाडाचा तुकडा तीव्र ॲसिडमध्ये मऊ केला तर हे निकाल बिघडतात, म्हणून लॅबला आधीच कल्पना द्या. आणि जुना मेणाचा ब्लॉक (आधीच्या ऑपरेशनचा मेणात जपलेला तुकडा) हॉस्पिटलमधून मागून घ्या. नवी स्लाइड त्याच्याशेजारी ठेवून बघितली की कितीतरी वेळा दहा मिनिटांत उलगडा होतो.