फ्लोरिडा कीजच्या उथळ समुद्रात उन्हाळ्यातील फ्लाय फिशिंग

फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला कीज नावाची बेटांची माळ आहे. तिच्या दोन्ही अंगांना गुडघाभर पाण्याचे मैलोन्‌मैल पसरलेले सपाट तळ आहेत, कुठे पांढऱ्या वाळूचे, तर कुठे सागरी गवताचे. या पाण्यात मासा डोळ्यांनी हेरून त्याच्या पुढ्यात फ्लाय, म्हणजे गळावर बांधलेले खोटे भक्ष्य, टाकायची असते, त्यामुळे ही मासेमारी शिकारीच्या अधिक जवळची आहे. जून ते सप्टेंबर या काळात तिथे जाणाऱ्याने सर्वांत आधी थर्मामीटर विकत घ्यावा. महागडा रॉड, म्हणजे फेकायची काठी, नंतर घेतला तरी चालेल.

कारण उन्हाळ्यात येथील सारा खेळ पाण्याच्या तापमानावर चालतो. समुद्राचे पाणी 20 अंश सेल्सिअसला असताना त्यात लिटरमागे सुमारे 7.4 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. 30 अंशांना हेच प्रमाण 6.2 पर्यंत उतरते, आणि नेमक्या त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज वाढलेली असते. जुलै 2023 मध्ये फ्लोरिडा उपसागराजवळील मॅनाटी बे येथील उपकरणाने 38 अंशांहून अधिक तापमान नोंदवले होते. ते टोकाचे उदाहरण असले, तरी वारा पडलेल्या दुपारी उथळ पाणी किती तापू शकते याची कल्पना त्यावरून येते. पाणी 30 अंशांच्या फार वर गेले की बोनफिश हा इथला चंदेरी मासा उथळ भाग सोडून शेजारच्या खोल खाड्यांत उतरतो, आणि मग कितीही सुबक फ्लाय टाकली तरी ती खायला तिथे कोणी नसते.

म्हणून वेळ आणि भरती यांची सांगड घालावी. रात्रभर निवलेल्या तळावर पहाटे भरतीचे पाणी चढत असेल, तर त्यासारखी संधी नाही. कोकणात उधाण आणि भांग यांचा हिशेब ठेवत वाढलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. फक्त इथे भरती-ओहोटीतला फरक मीटरभरापेक्षाही कमी असतो, त्यामुळे वीतभर पाण्यानेसुद्धा चित्र पालटते. अटलांटिकच्या बाजूला भरतीबरोबर मोकळ्या समुद्राचे तुलनेने थंड पाणी आत येते. उलट फ्लोरिडा उपसागराच्या आतल्या भागात चिखलाच्या बांधांमुळे पाण्याची ये-जा मंद असते आणि ते लवकर तापते. माझे मत विचाराल तर ऑगस्टमध्ये बोनफिशसाठी समुद्राची बाजूच धरावी. दुपारभर तापलेले पाणी ओसरत असताना तिथे उभे राहण्यात अर्थ नाही.

इथे एक पेच उभा राहतो. मासा दिसायला डोक्यावरचे ऊन हवे, आणि मासा यायला थंड पाणी. सकाळी आठ ते अकरा ही वेळ दोन्ही बाजूंनी बरी पडते. त्याआधी सूर्य तिरपा असल्यामुळे पृष्ठभाग चकाकतो आणि पाण्यातले काही दिसत नाही. तेव्हा माशाचे अंग शोधत बसू नये, शेपट्या शोधाव्यात. तळातील खेकडे-कोळंबी उकरताना बोनफिश डोके खाली घालतो आणि त्याच्या शेपटीचे चंदेरी टोक पाण्याबाहेर येऊन लकाकते. ऊन चढल्यावर तांबूस काचांचा पोलराइज्ड चष्मा घालून तळाकडे पाहावे. बोनफिशची पाठ तळाच्या रंगात मिसळून जाते, पण वाळूवर पडलेली त्याची सावली लपत नाही. वाऱ्याच्या लाटांशी मेळ न खाणारी थरथर दिसली, तर तिच्याखाली थवा असण्याची शक्यता असते.

साहित्याबद्दल थोडक्यात. बोनफिशसाठी आठ नंबरचा नऊ फुटी रॉड (नंबर त्याची ताकद सांगतो), चांगला ड्रॅग म्हणजे ब्रेक असलेला रील, लाइनमागे किमान दीडशे मीटर बॅकिंग म्हणजे राखीव दोरा आणि लाइनपुढे दहा-बारा फुटांचा लीडर म्हणजे बारीक पारदर्शक दोरा, त्याच्या टोकाला बारा पौंड ताण सोसणारा फ्लोरोकार्बनचा दोरा, एवढे पुरते. लाइन, म्हणजे फेकायची जाड दोरी, मात्र उष्ण हवेसाठी बनवलेलीच घ्यावी, कारण थंड प्रदेशातील ट्राउट माशासाठीची लाइन इथल्या उन्हात लुळी पडते आणि रॉडच्या कड्यांना चिकटते. फ्लायचा रंग तळाशी जुळावा: वाळूवर फिकट, गवतावर ऑलिव्ह किंवा तपकिरी. क्रेझी चार्ली, गॉचा यांसारख्या फ्लाय चारपासून आठ नंबरपर्यंतच्या गळांवर बांधलेल्या जवळ ठेवाव्यात. अगदी उथळ पाण्यासाठी मणीसाखळीच्या हलक्या डोळ्यांच्या, खोल पाण्यासाठी शिशाच्या जड डोळ्यांच्या. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून टाकावा. सनस्क्रीन लावल्यावर तळहात धुवावेत, तो वास फ्लायला लागू देऊ नये.

होडीवर गाइड दिशा घड्याळाच्या भाषेत सांगतो: होडीचे नाक म्हणजे बारा. ‘अकरा वाजता, चाळीस फूट’ असे ऐकताच आधी रॉडचे टोक त्या दिशेला करावे, मासा दिसल्याची खात्री करावी आणि मगच फेकावे. चालत्या माशाच्या साधारण दोन मीटर पुढे फ्लाय पडावी, म्हणजे तो पोहोचेपर्यंत ती तळाला टेकते. शेपटी वर काढून खाणाऱ्या माशाला ती याहून जवळ लागते, पण तेव्हा फ्लाय हलकी असावी, कारण डोक्यावर ‘टप्प’ असा आवाज झाला की तो पसार होतो. फ्लाय माशाकडे येताना कधीही दिसू नये. भक्ष्य शिकाऱ्यावर चाल करून जात नाही. लाइन वीतभर ओढावी, मासा वळला की पुन्हा ओढावी, आणि तो डोके खाली घालून थांबला की आपणही थांबावे. मग डाव्या हाताने लाइन लांब आणि सरळ ओढावी. हाताला जडपणा जाणवला तर गळ लागलेला असतो. ट्राउटच्या सवयीने रॉड वर उचलला, तर फ्लाय तोंडातून निसटून हवेत येते, आणि बहुतेक नवशिक्यांचा पहिला बोनफिश असाच जातो. गळ लागल्यावर माशाकडे न पाहता पायाशी पडलेल्या लाइनकडे पाहावे. बोटांची सैल कडी करून ती गुंता न होता कड्यांतून जाऊ द्यावी.

उन्हाळ्यात माशाला फार झुंजवू नये. ड्रॅग पुरेसा घट्ट ठेवून त्याला लवकर जवळ आणावे, हात ओले करावेत, मासा पाण्यातच ठेवून गळ काढावा. छायाचित्रासाठी त्याला हवेत धरण्याचा मोह भर उन्हाळ्यात तरी टाळावा, कारण तोल गेलेला थकलेला बोनफिश लिंबू शार्कचा सोपा घास ठरतो. मासा स्वतः सरळ पोहू लागेपर्यंत सोडू नये, आणि शार्क घिरट्या घालताना दिसली तर ती जागाच सोडावी. फ्लोरिडात 2013 पासून बोनफिश पकडल्यावर सोडणे बंधनकारक आहे. चाळीस इंचांहून लांब टार्पन (इथला दुसरा एक मासा) पाण्याबाहेर काढण्यासही मनाई आहे.

पाणी फारच तापले तर बेत बदलावा. टार्पन पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो आणि त्यातील प्राणवायू वापरू शकतो, त्यामुळे खारफुटीतल्या कोमट, गढूळ पाण्यात लहान टार्पन ऑगस्टमध्येही मिळतात. पर्मिट नावाचा मासाही बोनफिशपेक्षा ऊन अधिक सोसतो, पण त्याच्यासाठी खेकड्याची फ्लाय आणि दांडगा संयम लागतो.

पाण्यात उतरून चालायचे असल्यास पाय उचलून न टाकता घासत न्यावेत, म्हणजे वाळूत दडलेला स्टिंगरे आधीच दूर होतो. परगावच्या माणसाने मासेमारीचा परवाना काढावा. परवानाधारक चार्टर, म्हणजे भाड्याच्या, होडीवर तो वेगळा लागत नाही. दुपारी ढग उभे राहू लागले की किनारा गाठावा. ग्रॅफाइटचा रॉड विजेचा उत्तम वाहक आहे आणि त्या सपाट पाण्यावर सर्वांत उंच वस्तू आपणच असतो, म्हणून पहिला गडगडाट ऐकू येताच रॉड आडवा ठेवून द्यावा, समोर शेपट्या दिसत असल्या तरीही.