बाळदमा: उपचार सुरू असताना लक्षणे पाहताना या चुका टाळा

मूल दिवसभर हुंदडते, म्हणजे दमा आटोक्यात आहे, असे मानणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. दम्याचा त्रास बहुधा रात्री आणि पहाटे वाढतो. कोथरूडला आमच्या घरी दोन वर्षांची लेक पहाटे ढास लागून उठून बसे आणि आम्ही ते पुण्याच्या पावसाळी हवेवर ढकलत राहिलो. शेवटी डॉक्टरांच्या सांगण्यावरून, खोकल्याने झोपमोड झाली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर ‘खो’ आणि साल्ब्युटामॉलचा पंप द्यावा लागला की ‘पं’ असे लिहू लागलो, तेव्हा पंधरवड्यातच चौकटी भरलेल्या दिसल्या. तातडीच्या आरामाचा हा पंप आठवड्यातून एकापेक्षा अधिक वेळा लागत असेल, तर उपचारांचा फेरविचार व्हायला हवा.

दुसरी चूक म्हणजे केवळ छातीतल्या घरघरीवर विसंबणे. झोपलेल्या मुलाचा सदरा वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. १ ते ५ वर्षांच्या मुलांत ४० किंवा त्याहून अधिक श्वास हे वेगवान मानले जातात. पोट उडत असेल, बरगड्यांमध्ये खड्डे पडत असतील आणि तरीही घरघर थांबली असेल, तर ती सुधारणा नव्हे, धोका आहे. ओठ निळसर पडले, मूल पाणी पिईनासे किंवा मलूल झाले, तर पंप देत लगेच १०८ ला फोन करावा.

त्रास कमी होत नाही म्हणून औषध वाढवून मागण्याआधी स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंडावरचा मास्क यांच्यामधली प्लास्टिकची पोकळ नळी, तपासावा. मास्क गालांना घट्ट बसलेला नसेल, मूल रडत असेल किंवा दोन फवारे एकदम मारले असतील, तर फुप्फुसांत फारच थोडे औषध पोहोचते. धुतलेला स्पेसर फडक्याने पुसू नये, तसाच वाळू द्यावा. पुसल्याने आतल्या प्लास्टिकवर विद्युतभार तयार होऊन औषध तिथेच चिकटते.

बरे वाटताच श्वासनलिकांची सूज आटोक्यात ठेवणारा रोजचा स्टेरॉइडचा पंप स्वतःहून बंद करणे तर अनेक घरांत घडते. सूज आत हळूहळू परतते, आणि दिवाळीतला फटाक्यांचा धूर किंवा एखादी साधी सर्दीही मग दम्याचा झटका आणण्यास पुरते. घरातला धूप आणि डासांची कॉइल मात्र आजच बंद करता येते.

दवाखान्यात पोहोचेपर्यंत मूल अनेकदा शांत झालेले असते, म्हणून त्रास होत असतानाचा, उघड्या छातीचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ मोबाइलवर काढून कॅलेंडरच्या पानासोबत डॉक्टरांना दाखवावा. मात्र मूल गंभीर दिसत असेल, तर व्हिडिओसाठी क्षणभरही थांबू नये.