चित्रकाराचा फोटो काढताना आधी उत्तरेची खिडकी उघडा

एकट्यानं काम करणाऱ्या चित्रकाराचा फोटो त्याच्याच स्टुडिओत काढायचा असेल, तर फ्लॅश बाजूला ठेवा आणि उत्तरेची खिडकी उघडा. तिथला उजेड दिवसभर फारसा बदलत नाही, म्हणून चित्रकारही ईझल, म्हणजे कॅनव्हास टेकवायची घोडी, तिकडंच मांडतात. आपल्या मराठवाड्यात मे-जूनमध्ये मात्र सकाळ-संध्याकाळ त्या खिडकीतूनही तिरपं ऊन येतं. तेव्हा पातळ पांढरं धोतर पडद्यासारखं बांधा, उजेड लगेच मऊ होतो.

उजेड एकाच गालावर पडू द्या. दुसरा अंधारात गेला तरी चालेल, एकटेपण तिथंच दिसतं. ३५ मिमीची लेन्स घेऊन चेहऱ्याला भिडू नका, नाक मोठं येतं. मागं सरलात की टर्पेंटाइनची बाटली, रंगानं कडक झालेली चिंधी, भिंतीकडं तोंड करून टेकवलेले कॅनव्हास हेही चौकटीत येतात. कृपा करून ते आवरायला लावू नका!

"काका, इकडं बघा" म्हणायची घाई नको. ब्रश थांबवून, डोळे बारीक करून ते स्वतःच्या चित्राकडं बघतात, तेव्हा बटण दाबा. तैलचित्र चकाकत असेल तर कॅमेरा हातभर बाजूला न्या.

ढगाळ दिवशी ट्यूबलाइट लावावीच लागली, तर शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यानं त्याहून वेगवान शटरला फोटोत पट्टे उमटू शकतात.